फळ्यावरचं तुझं नाव

श्रीरामपूर,
मंगळवार

प्रिय पंके,

पाकिटावरचं वेडंवाकडं अक्षर बघून, कुणाचं बाई हे पत्र, म्हणून फोडलं असशील. ते आमच्या वॉर्डातल्या छबूमावशींचं आहे. माझं अक्षर दिसलं असतं तर तू पाकीट तसंच चुलीत घातलं असतंस. माझा नंबर ब्लॉक केलायस, दुसऱ्याच्या मोबाईलवरून केला तर नुसता आवाज ऐकून ठेवतेस. मग माझ्या हातात राहिलं काय? वाचून झाल्यावर फाड, जाळ, काय करायचं ते कर. पण शेवटपर्यंत वाच, तुझ्या जिवाशी गाठ आहे.

आधी माझं खोटं कबूल करते. वॉर्डातला तो पेशंटांच्या नावांचा फळा नवीन आलेल्या पोरीनं लिहिला, असं मी तुला फोनवर म्हणाले. मीच लिहिला होता गं. आणि हे खोटं मी सांगत होते कुणाला, तर आठवीपासून एका बाकावर बसलेल्या बाईला! शाळेत रोज सुविचार मी लिहायचे आणि तू डस्टर घेऊन शेजारी उभी राहायचीस, ओळ वाकडी गेली की पुसायला. माझं अक्षर तू ओळखणार नाहीस तर कोण ओळखणार? तू फोन ठेवलास. तेव्हापासून आपलं बोलणं बंदच आहे.

तुला शेवगावात दवाखाने नव्हते का? होते. पण तिथं पावलापावलावर तुमच्या गावचं माणूस भेटतं, म्हणून तू दोन एसट्या बदलून माझ्याकडे आलीस. छातीत पाणी झालेलं, श्वास पुरत नव्हता, आणि तशातही माझा हात धरून म्हणालीस, मोने, सासरी कळू देऊ नकोस. मी येशूची शपथ घेतली. आणि पंके, मी खरंच कुणाला सांगितलं नाही. माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. तोंड शिवून बसले आणि सगळ्या गावाला दाखवून मोकळी झाले.

नवरात्राचा चौथा दिवस. पहिल्या दिवसापासून आमच्या वॉर्डात रंगांचं खूळ चाललेलं, मेट्रन मॅडमनीही नऊ दिवस युनिफॉर्मची सूट दिलेली. त्या दिवशी पिवळा. मी क्रिसमसला घेतलेली पिवळी साडी नेसले. छबूमावशींच्या हातात मोबाईल दिला. त्या म्हणत होत्या, ताई, खिडकीपाशी काढू, उजेड हाय. मी म्हटलं नको, फळ्यापुढं. खरं सांगू? मला माझं अक्षर दाखवायचं होतं. सगळे म्हणतात ना, मोनिका सिस्टरचा फळा म्हणजे छापल्यासारखा. मेलं ते अक्षर! बेड सहा, तुझं नाव, तुमच्या गावाचं नाव, आणि पुढं ठळक, टीबी. तो फोटो मी स्टेटसला टाकला, 'आजचा रंग पिवळा' लिहिलं आणि तुला सलाईन लावायला आले. आठवतं? तू म्हणालीस, किती गोड दिसतेस गं आज.

माझ्या मोबाईलमध्ये तुमच्या गावची पाच-सहा माणसं आहेत. कुणाचं बीपी, कुणाच्या सुनेची सोनोग्राफी, म्हणून नंबर घेतलेले. त्यातल्याच कुणीतरी फोटो मोठा करून वाचला. माझ्या ध्यानात यायला दोन तास लागले. पुसून टाकला तोवर तो तुमच्या गावच्या ग्रुपवर फिरून आलेला.

फळ्यावर अर्धंच लिहिलेलं असतं. तुझी लागण फुफ्फुसाच्या बाहेरच्या पडद्याला होती, थुंकीत काही निघालं नव्हतं, तुझ्यापासून पोरांना धोका नाही, हे डॉक्टरांनी तुला कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद कुणी ग्रुपवर टाकला नाही. दिवाळीची सुट्टी संपली, तू शाळेत खिचडी शिजवायला गेलीस आणि त्रेचाळीस पोरं घरून डबे घेऊन आली. दारात उभ्या राहून बाया म्हणाल्या, आमच्या पोरांना न्हाई खायाचं तुझ्या हातचं. नऊ वर्षं तू त्यांच्या पोरांना वाढलंस गं! कुणाला तिखट चालत नाही, कुणाला खालची खरपुडी लागते, सगळं तुला पाठ. भरलं पातेलं तसंच राहिलं आणि तू ते एकटीनं उचलून घरी आणलंस, हे मला नंतर कळलं. ते कळलं त्या दिवशी मी औषधांच्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. पण माझ्या रडण्यानं तुझं काय भलं होणार होतं?

मी मॅडमना लेखी दिलंय. फोटो माझा, फळा माझा, चूक माझी. पंधरा दिवस घरी बसवलंय. पुढं ठेवतात का काढतात, बघू. आता फळ्यावर नुसता बेड नंबर लिहितात आणि वॉर्डात मोबाईल बंद. तुझा बळी गेल्यावर सगळ्यांना अक्कल आली, मला सगळ्यात शेवटी.

आणि आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. काल श्रीमंतभाऊजींचा फोन आला. मला वाटलं, बायकोचं नाव गावभर केलं म्हणून शिव्या देणार. ते रडत होते. म्हणाले, ताई, पंकजानं एकवीस दिवस झाले गोळ्या सोडल्यात. गोळ्या द्यायला येणाऱ्या आशाताईला दारातून परत लावते. म्हणते, गोळी खाल्ली की लोकांचंच खरं ठरतं. पुन्हा ताप येतोय, भाकरी सरत नाही. पंके, असं करू नकोस गं, पाया पडते तुझ्या! तू बरी होणारी होतीस. सहा महिन्यांतले दोन तू काढलेही होतेस. मधेच सोडल्या की हा रोग गोळ्यांना जुमानत नाही, तशी माणसं मी वॉर्डात बघितलीत, तुला त्या कॉटवर बघायचं बळ माझ्यात नाही. मी सोमवारी सकाळच्या एसटीनं येतेय. दार लावून घेतलंस तर ओट्यावर बसून राहीन, सगळं गाव बघू दे. आधी आपण दोघी सरकारी दवाखान्यात जाऊ, डॉक्टर सांगतील तसं पुन्हा चालू करू. मग शाळेत जाऊ, तो कागद मी हेडमास्तरांसमोर आणि त्या बायांसमोर माझ्या तोंडानं वाचीन, फोटो कुणी टाकला तेही सांगीन, आणि तू शिजवलेली खिचडी त्यांच्या देखत पहिल्यांदा मी खाईन. मला माफ करू नकोस. जन्मभर शिव्या दे. फक्त त्या गोळ्यांनंतर दे. गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात, शिव्या केव्हाही चालतात.

तू डस्टर घेऊन पुन्हा शेजारी उभी राहावीस म्हणून तळमळणारी,
तुझीच,
मोनी