पिवळ्या रेषेच्या आत

१० फेब्रुवारी, मंगळवार

रेषा मारली! शाळेच्या फाटकापासून गुरुजी पोरांना घेऊन टेप धरून आले ते माझ्या टपरीच्याही पुढे गेले, आणि रस्त्यावर पिवळा पट्टा ओढला. शंभर यार्ड. त्याच्या आत विडी, सिगारेट, तंबाखू काही विकायचं नाही. आणि टेपचं टोक कुणाच्या हातात? आमच्या सानवीच्या— माझ्याच नातीच्या! तिसरीत आहे. गुरुजींनी तिला तंबाखू मॉनिटर केलंय— कुणी विकतंय-ओढतंय का ते बघायचं. ओरडून म्हणाली, "आजोबा, तुम्ही आत आलात!" सगळी पोरं हसली. मीपण हसलो.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज तंबाखूच्या तपासणीचे साहेब आले. शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, उलटून बोलता आलं असतं. पाटी हातात दिली— अठरा वर्षांखालच्यांना विकणे गुन्हा. म्हणाले, "पाटी लावा काका, आणि तंबाखू सगळी उचला." मी म्हटलं, पोरांना मी गोळ्या-पेन्सिली देतो, विडी कधी दिली नाही. तर म्हणाले, "देत नाही हो, पण ती बघतात ना!"

बघतात.

सुटी विडी तर कुठेच विकायची नाही म्हणे. मी म्हटलं, साहेब, वळणावरच्या वडातल्या देवाला, राखणदाराला एकच लागते! जयगडला माल नेणारे ड्रायव्हर माझ्याकडून एक विडी घेतात, वडाखाली ठेवतात, हात जोडतात, मग उतार उतरतात. अख्खा बंडल कोण ठेवील? साहेब हसले. "राखणदार अठरा वर्षांच्या वर आहे ना?" शिपाईसुद्धा हसला. मला हसू आलं नाही.

१३ फेब्रुवारी

काशी म्हणते, "अवो, गोळ्या-बिस्किटं विका की! जीव कशाला टांगून ठेवलाय?" हिला कसं सांगू! गाडी विडीसाठी थांबते. थांबली की चहा, मग भजी. विडी नाही तर गाडी नाही. निलेशचा मुंबईहून फोन. "बाबा, बंद करा ती टपरी, घरात बसा." बसून काय करू? भिंत बघू?

१५ फेब्रुवारी, रविवार

शेजारच्या भागोजीला म्हटलं, चार माणसं घे, टपरी उचलून रेषेपलीकडे ठेवूया. तो कानाला हात लावून म्हणाला, "राखणदाराच्या उंबऱ्यात टपरी लावतोस? मग मला नको हाक मारूस!" खरंच की. रेषा संपली की वडाची जागा सुरू. तिथे कुणी साधा खांब रोवत नाही. अलीकडे सरकार, पलीकडे राखणदार. मी कुठे जाऊ?

२२ फेब्रुवारी, रविवार

उरलेला माल परत केला. एक विडी ठेवली होती, ती वडाखाली वाहिली. गाऱ्हाणं घातलं— "बा राखणदारा, तुझी विडी बंद झाली. ही रेषा माझ्या दारातून उठव. कशी उठवायची ते तुझं तू बघ."

भागोजी मागे उभा होता. एकदम ओरडला— "अरे, गाऱ्हाणं असं मोकळं सोडतात काय! काय पायजे, काय नको, कुणाला धक्का लावू नको, सगळं बांधून सांगावं लागतं. नायतर तो आपल्या मनाने करतो."

मला ही अक्कल आधी का नाही आली? परत जाऊन बांधून सांगावं तर हातात विडी नाही. नुसत्या हाताने कसं जायचं?

३ मार्च

एक ट्रक थांबला. "काका, राखणदाराची द्या." नाही म्हटलं. तो काही न ठेवताच गेला. दिवसभर कान उताराकडे. काही आवाज आला नाही. देवा!

२ एप्रिल

चहाची किटली घरी आणली. कुणी थांबतच नाही. मधल्या सुट्टीत पोरं येतात, गोळ्या घेतात, गलका करतात. तेवढंच बरं वाटतं.

७ जून, रविवार

गुरुजी घरी आले. पट कमी पडला. शाळा उघडणार नाही. पोरांनी आता खाडीजवळच्या मोठ्या शाळेत जायचं, रिक्षाने. गुरुजींचीही बदली. जाताना म्हणाले, "तुमचं मात्र सुटलं आत्मारामकाका. शाळा नाही तर रेषा नाही. पुन्हा विडी ठेवा."

भागोजी तिथेच बसला होता. माझ्याकडे बघून त्याने कानाला हात लावला.

पट कमी होता, हे मलाही ठाऊक होतं. दोन वर्षं ऐकत होतो. पण मी म्हटलंच होतं ना— कशी उठवायची ते तुझं तू बघ. काशीला सांगायचं धाडस होत नाही.

१५ जून, सोमवार

बंडल आणला. सकाळी त्यातली एक विडी घेऊन निघालो— घातलेलं गाऱ्हाणं मागे घ्यायला. सानवी पिवळ्या रेषेवर दप्तर घेऊन उभी. रिक्षाची वाट बघत होती. मी हात पाठीमागे केला. तिने पाहिलंच.

"लपवू नका आजोबा. मी आता मॉनिटर नाय."