कान ठणठणीत, भट्टीच बिघडलेली

४ मार्च, सकाळ
रक्ताचा रिपोर्ट आला. चरबी भरमसाट. कोलेस्टेरॉल वर, ट्रायग्लिसराइड त्याच्याही वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कानात शिट्टी वाजते म्हणता, तिचंही मूळ इथे असू शकतं. आतल्या कानाला रक्त नेणारी नळी दोऱ्याहून बारीक. तिच्यातून रक्त नीट गेलं नाही, की तिथल्या नाजूक पेशी उपाशी राहतात. बारीक आवाज आधी जातात. कान तपासून घ्या, गोळी चुकवू नका, लोणी बंद.
खाल्लं तोंडाने आणि शिक्षा कानाला! चोर सोडून संन्याशाला फाशी. असो. उद्यापासून लोणी बंद म्हणजे बंद.

५ मार्च
बेकरीवाल्याने लोणी चाखायचं नाही, तर काय शिंप्याने चाखायचं? चाखणं म्हणजे खाणं नव्हे. चाखलं. पहिल्यांदा नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा चाखलं.

९ मार्च
भट्टीचा टायमर बिघडला. वेळ झाली तरी वाजत नाही. अख्खा ट्रे कोळसा. नवा टायमर आणून जुन्याशेजारी लावला.

११ मार्च
नवाही भिकार. लेक धावत आली. "बाबा, दोन्ही टायमर केव्हाचे केकाटताहेत! समोरचा न्हावी अर्धी दाढी सोडून बघायला आला!" मी म्हटलं, ऐकू येतंय मला, पाव खरपूस व्हावा म्हणून थांबलोय. पावाच्या बुडाला टिचकी मारली. भाजलेल्या पावाचा पोकळ आवाज स्वच्छ आला. कान ठणठणीत! तपासणीला पैसे कशाला घाला?

१५ मार्च
ही हल्ली फार पुटपुटते. लग्नात आवाज कसा खणखणीत होता! वयाने माणूस बदलतो. मी भांडत नाही. वाक्य संपलं की "हो, हो" म्हणतो. संसार सुरळीत. आज कळलं, मेहुणा महिनाभर राहायला येतोय आणि आग्रह मीच केलाय.

१९ मार्च, दुपार
लेक बाजारात. बेकरीत ही आणि मी. कोठीचं दार उघडं दिसलं. "कोण आहे आत?" म्हणून हाक मारली. उत्तर नाही. कडी घातली.
मग काय शांतता! टोकणारं कुणी नाही. गरम पाव, वर बोटभर लोणी. शेवटचंच. पलीकडच्या शिक्षिकाबाई आल्या. म्हणाल्या, "आत कुणी दार बडवतंय का हो?" म्हटलं, भट्टीचा पत्रा आहे, तापला की वाजतो. शिकलेली बाई, पण पत्र्यातलं काय कळणार!

१९ मार्च, संध्याकाळ
पत्रा नव्हता.
लेकीने येऊन कडी काढली. ही पिठाच्या पोत्यावर बसलेली. घसा बसलेला, बोटं सुजलेली. माझ्या मिशीला लोणी. ही काहीतरी म्हणाली. मी सवयीने "हो, हो" म्हटलं. ही चपला घालून सरळ घरी गेली.
लेकीने माझ्या कानाशी तोंड आणलं. "बाबा, आईने विचारलं, मी ओरडत होते ते तुम्हांला ऐकू येत होतं ना?"

२० मार्च
ताट वाढलेलं. शब्द नाही. ऐकू येत होतं म्हणावं, तर मी राक्षस. येत नव्हतं म्हणावं, तर इतके दिवस खोटारडा. उद्या सांगावं.

२१ मार्च
आधी कानाची तपासणी केली. एकटाच गेलो. बारीक आवाज बरेचसे गेलेत. गेलेले परत येतीलच असं नाही, उरलेले जपा, कानाचे डॉक्टर म्हणाले. यंत्र लागेल.
घरी ही भाजी निवडत होती. समोर बसलो. वर बघायची लाज वाटली. भाजीलाच सांगितलं, "मला ऐकू येत नाही. परवाही आलं नव्हतं."
हिने सुरी खाली ठेवली. बसलेल्या घशाने जमेल तेवढं ओरडली, "अहो, साऱ्या गल्लीला ठाऊक आहे ते! तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, म्हणून गप्प होते!"
शब्द न् शब्द ऐकू आला. मान खाली घातली.
तेवढ्यात खिडकीतून शेजारीण म्हणाली, "कळलं वाटतं एकदाचं!" हे मात्र लेकीने नंतर सांगितलं.