मर्व्हच्या ढेकराची गोष्ट

बरबँक, ३ मार्च १९९८

ती. व्हर्ना आत्या हिस,

लाइलचा इथून वाकता येईल तितकं वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? तिकडे डेकोराला अजून बर्फ असेल, चर्चच्या पायऱ्या जपून उतर. (मीठ टाकायचं काम पाद्रीबुवांचं आहे, ते तू अंगावर घेऊ नकोस.) मी बरा आहे. कामाचं विचारशील तर मोठं पुराण आहे.

मी नऊ वर्षं ज्या कार्टून मालिकेच्या आवाजांचं काम बघतो, तिचं नाव तू घरात काढू देत नाहीस. तिच्यातला मर्व्ह हा म्हातारा बोकड नळदुरुस्तीची कामं करतो. तोंडाचा फाटका, पोटाचा त्याहून. त्याचा आता सिनेमा होतोय. बावीस मिनिटांची टवाळी नव्वद मिनिटं कशी पुरवायची म्हणून स्टुडिओच्या साहेबांनी सुचवलं, गाणी घाला, शेवटी बोकडाला शहाणा करा. आमची दिग्दर्शिका डॉरी कॅप्लान ही पाच फुटांची बाई, पण सगळ्यांना पुरून उरली. म्हणाली, तो शहाणा होणार नाही, पण त्याचा मुलीवर जीव आहे, तेवढ्यावर सिनेमा उभा राहील. मुलीच्या लग्नात मर्व्ह जन्मात पहिल्यांदा तोंड मिटून बसतो, आणि नेमका शपथेच्या आधीच्या शांततेत त्याला ढेकर येतो. (हस खुशाल. मी नुसती चित्रं बघितली आणि रुमाल काढला.)

घोडं अडलं ते ढेकरावर. मोठ्या पडद्याला मोठा ढेकर हवा, असा साहेबांचा हट्ट. त्रेचाळीस माणसं येऊन गेली. एक ऑपेराचा गवई होता, फ्रेस्नोचा एक गडी ढेकरांत सगळी मुळाक्षरं म्हणून दाखवायचा. डॉरी प्रत्येकाचं डोळे मिटून ऐकायची, शेवटी आभार मानायची. इतकं मन लावून आपल्या गावात कोणी प्रवचनही ऐकत नाही. त्रेचाळिसावा गेल्यावर ती मला म्हणाली, “लाइल, जोर सगळ्यांत आहे रे. पण मर्व्हच्या ढेकरात शेवटी थोडी लाज असते. ती कुठून आणायची?”

मी मालिकेची जुनी टेप काढली आणि मोठ्या सभागृहात वाजवली. आधी गडगडाट, मग मध्येच गिळलेला तो शेवटचा एवढासा भाग. तीस माणसं हसता हसता गप्प झाली. डॉरी रडली. साहेबांनीही मान डोलावली.

पण वकील ॲबरनाथी उठले. म्हणाले, टीव्हीच्या वेळी कोणी विचारलं नाही, सिनेमाला तसं चालणार नाही. ढेकर ज्याचा असेल त्याची सही पाहिजे, पंधरा तारखेच्या आत. नाहीतर लग्नाचा प्रसंगच कापायचा. तो गेला तर उरते ती नुसती नव्वद मिनिटांची घाण. ढेकर एका सभ्य घरातला आहे, एवढंच मी सांगितलं.

शेजारच्या सगळ्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा भाचा,
लाइल

ता. क. सोबत एक कागद आहे. ८८ सालच्या थँक्सगिव्हिंगला नवा टेपरेकॉर्डर मी तुझ्या जेवणाच्या टेबलाखाली चालू ठेवला होता. भोपळ्याच्या गोड पाईचा दुसरा तुकडा संपला आणि आपण प्रार्थनेला डोळे मिटले, तेव्हाची गोष्ट. तुझ्या शेजारी बसलेल्या ऑरिनकाकांनी “माफ करा” म्हणत तो ढेकर आपल्या नावावर घेतला. (किती मोठ्या मनाचा माणूस.) पण माझे डोळे उघडे होते. आत्या, तसा ढेकर मी पुन्हा ऐकला नाही. खुणेच्या जागी सही कर.

आणखी एक. डॉरीच्या खोलीत चौकटीत घालून एक पत्र लावलंय. ९२ साली डेकोराहून आलं, खाली “एक सुजाण ख्रिस्ती प्रेक्षक”. त्यात म्हटलंय, हा ढेकर देणाऱ्याला आईबापांनी काडीचं वळण लावलेलं दिसत नाही. तुझे आईबाप म्हणजे माझे आजी-आजोबा, म्हणून मी त्यावर बोलत नाही. पण ॲबरनाथी रोज त्या खोलीत येतात. सही करताना अक्षर तेवढं जरा वेगळं काढ.