माऊस ड्रॉवरमध्ये

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजवर स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू: संगणकाचं टेबल (एकोणीस मिलिमीटर प्लायवूड, एकही खिळा नाही). स्वयंपाकघरातली फळी, भिंत पडेल, फळी राहील. हिच्या शिलाई मशीनचं पायडल. वह्या दाबायचा लाकडी शिकंजा. आणि एक अख्खा टाइपफेस, चारशे अकरा आकार, प्रत्येक वेलांटी मी ओढलेली. आमच्या छापखान्यातली निम्मी लेबलं त्यातच निघतात. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही.
आजपासून माऊस बंद. आपल्याला काय हवंय हे ज्याला माहीत नसतं, तो पडद्यावर बाण घेऊन हिंडतो. मला माहीत असतं. सगळं काम कीबोर्डवरून.
दुसरं कारण किरकोळ आहे. उजवा हात पाच-सहा महिने जरा थरथरतो. तेवीस वर्षं एका प्लास्टिकच्या गोळ्यावर ठेवलेला हात कुरकुर करणारच. दोष माऊसचा. वायर गुंडाळून त्याला ड्रॉवरमध्ये टाकलं, कुलूप लावलं.
रोजनिशीही आता टाइप करणार. एफ-फाइव्ह दाबलं की तारीख-वेळ आपोआप पडते. वहीत लिहिणं फार हळू होतं. शिवाय जानेवारीची पानं मलाच लागत नाहीत. कागद हलका असावा.

४ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०
मालकांनी बोलावून सांगितलं, महिनाअखेर पानं लावायच्या टेबलावर एकच माणूस ठेवायचाय, कोण ते अजून ठरलेलं नाही. आम्ही दोघं आहोत: मी, आणि दोन वर्षांपूर्वी आलेला एक कोर्सवाला. कोर्सवाल्याला बिचाऱ्याला आजच कल्पना द्यावी असं वाटलं, पण म्हटलं महिना आनंदात जाऊ दे.
मालक असंही म्हणाले की माझ्याकडची पानं हल्ली उशिरा येतात. त्यांना म्हटलं, आता बघाच.

९ फेब्रुवारी, सकाळी ८
एक शोध. कापणं, उचलणं, चिकटवणं, सेव्ह, मागे जाणं, सगळं निवडणं: ही सगळी अक्षरं डाव्या हाताखाली येतात. ज्याने कीबोर्ड बसवला त्याला आधीच कळलं होतं, उजवा हात नुसता मिरवायला असतो. पुठ्ठ्यावर तक्ता केला, चौसष्ट शॉर्टकट, तीन रंगांत. रेघा वाकड्या आल्यात. पट्टी घसरली.

१३ फेब्रुवारी, सकाळी ८.४० १३ फेब्रुवारी, सकाळी ८.४० १३ फेब्रुवारी, सकाळी ८.४० १३ फेब्रुवारी, सकाळी ८.४०
कळ अडकते. कीबोर्ड उलटा करून झटकला. चहाचे डाग निघाले, बिस्किटाचा चुरा निघाला. तरी अडकते.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
औषधाच्या खोक्याचं एक पान. माऊसने चाळीस मिनिटांचं काम. कीबोर्डने तीन तास. पण हे तीन तास शिस्तीचे होते. चौकट बाणाच्या कळीने सरकवायची, एका वेळी एक मिलिमीटर. कळ दोनदा लागते, चौकट दोन मिलिमीटर पळते, परत आणायची, परत पळते. शेवटी पाडली जागेवर.
आमच्या प्रूफवाल्या बाई पलीकडच्या टेबलावर बसतात. जीभ लाल पेनपेक्षा धारदार. त्या म्हणाल्या, “भाऊ, खोकं तुम्ही लावताय की ते तुम्हाला खेळवतंय?” काम करणारा माणूस उत्तर देत नाही.
कोर्सवाल्याने आज सहा पानं लावली. माऊसने. त्याला काय, तो तिशीतच मनगट घालवणार.

१९ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
ही हल्ली चहा अर्धाच कप देते. विचारलं तर म्हणते दूध कमी पडतं. शर्टांच्या काजांच्या मागे तिने टिचबटणं शिवलीत, वरून बटणं तशीच, शोभेची. म्हणते, फॅशन आहे. बायकांना काय सुचेल सांगता येत नाही.
नसांच्या डॉक्टरकडे तिने परस्पर वेळ घेऊन ठेवली होती. मी फोन करून रद्द केली. नसांचा प्रश्नच नाही, प्रश्न माऊसचा होता आणि तो कुलपात आहे.

२० फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५
तिने आज दुपारी ताट वाढता वाढता सांगितलं, “अहो, मी तुमचा हात बघते. तुम्ही कीबोर्ड बघता.” वाद घालण्यात अर्थ नव्हता. जेवलो. चमच्याने. डाव्या हाताने.

२३ फेब्रुवारी, दुपारी १.२०
मोठा दिवस. हात बरा झाला.
नीट लिहून ठेवतो. सकाळी हात फारच उड्या मारत होता, म्हणून कीबोर्डच्या उजव्या कडेला, शिफ्टच्या कळीवर, तळवा दाबून धरला. दाबला की थांबतो. सात-आठ सेकंद धरला असेल. टूं असा आवाज झाला, पडद्यावर कसलीशी चौकट आली. चौकटी माऊसवाल्यांसाठी असतात. त्यांना दर पावलाला विचारावं लागतं. न वाचता एन्टर मारलं.
त्यानंतर एकही कळ दोनदा लागलेली नाही! एकही नाही. सकाळपासून लक्ष ठेवून आहे. एफ-फाइव्ह दाबलं, तारीख एकदाच पडली. वीस दिवसांत माऊस सोडल्याचा परिणाम. डॉक्टरने याचे किती घेतले असते.
जेवायला घरी आलो तेव्हा हिला सांगितलं. ती हातांकडे बघत राहिली. तिला आनंद पटकन दाखवता येत नाही.

२४ फेब्रुवारी, सकाळी ८
कळा थोड्या जड लागतात, पण ते मजबूत हाताचं लक्षण. आज एक स्वतःचा शॉर्टकट बसवला: कंट्रोल, शिफ्ट आणि डी. तीन कळा, की पान थेट छपाईच्या प्लेटला जातं. ‘नक्की पाठवू का’, ‘प्रूफ काढलं का’ असले प्रश्न वाटेतून काढून टाकले. मालकांना दाखवलं. ते म्हणाले, प्रूफ मात्र बाईंकडे जात जाऊ दे. म्हटलं, अर्थात.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
सात पानं. कोर्सवाला पाचवर. मालक दोनदा माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. खुर्ची माझी आहे, हे त्यांनाही कळलेलं दिसतं.
संध्याकाळी निघता निघता औषध कंपनीचा फोन. जुलाब झालेल्या मुलांना देतात त्या मीठ-साखरेच्या पुडीचं लेबल, बाईंनी दुपारीच तपासून दिलेलं. त्यात एक आकडा बदलायचा: एक पुडी अडीचशे मिलिलिटर पाण्याऐवजी दोनशेत. बाईंनी पिशवी खांद्याला लावली होती, तरी थांबल्या, म्हणाल्या प्रिंट द्या, डोळ्यांखालून घालते. मी म्हटलं, एका आकड्यासाठी? घरी जा. मी झपाट्याने अख्खा आकडा नव्याने टाइप केला, तीन कळा दाबल्या. आठ सेकंद. माऊसवाला अजून मेनू शोधत बसला असता.

२ मार्च, सकाळी ११
चाळीस हजार पुड्यांवर वीस छापलंय. वीस मिलिलिटर. चार चमचे.
मशीनवाल्याने छापलं, प्लेटवाल्याने प्लेट केली, कुणाच्या लक्षात आलं नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

२ मार्च, दुपारी ३
कोर्सवाल्याने माझ्या कीबोर्डवर तीन शून्यं भराभर मारली. एकच उमटलं. म्हणाला, काका, यात फिल्टर चालू झालंय, लागोपाठ दाबलेली तीच कळ संगणक एकदाच धरतो. हात थरथरणाऱ्या लोकांसाठी असतं. उजवं शिफ्ट आठ सेकंद धरलं की विचारतो, चालू करू का.
सगळे माझ्या हाताकडे बघत होते. मी तो खिशात घातला. मग खिसा हलायला लागला.

३ मार्च, संध्याकाळी ६
एक खोकं आधीच एका दवाखान्यात पोचलं होतं. परत आणलं, त्यात तीन पुड्या कमी. मालक स्वतः गेले. मी गाडीत मागे बसलो. ज्या तिघांना त्या दिल्या, त्यांतली दोन मुलं घरी जाऊन खेळत होती. तिसरं तिथेच, आईच्या मांडीवर झोपलेलं. मी त्याचा श्वास मोजत उभा राहिलो. नर्सने बाटली दाखवली, दोनशे मिलिलिटरची, पाण्याने पूर्ण भरलेली. म्हणाली, “आम्ही या बाटलीनेच कालवतो हो. छापलेलं कोण वाचतं?”
मालकांनी डोळे मिटून श्वास सोडला. मीही सोडला. पण तेवीस वर्षं जे छापलं ते कोण वाचतं, हा प्रश्न परतीच्या वाटेवर पूर्ण वेळ माझ्या शेजारी बसून होता.

४ मार्च, सकाळी ७
नवा निश्चय. ते फिल्टर बंद केलं आहे. हात आता खरोखरच इच्छाशक्तीने बरा करायचा. रोज वीस मिनिटं, टेबलाच्या कडेला दाबून. उद्यापासून, कारण आज दमलोय.

४ मार्च, संध्याकाळी ५ ४ मार्च, संध्याकाळी ५ ४ मार्च, संध्याकाळी ५ ४ मार्च, संध्याकाळी ५ ४ मार्च, संध्याकाळी ५
बाईंनी मालकांना सांगितलं म्हणे की चूक निम्मी त्यांची, त्यांनी प्रिंट मागून घ्यायला हवी होती. मी हे त्यांना करायला सांगितलं नव्हतं. पण दुरुस्तही केलं नाही.

६ मार्च, संध्याकाळी ६.५०
मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. हिलाही बोलावून घेतलं होतं. ती आधीच खुर्चीत बसलेली, पदर सारखा करत. पुढ्यात एक कागद. मजकूर असा की हाताच्या आजारामुळे मी स्वखुशीने काम सोडतो आहे. छपाईच्या नुकसानाचा उल्लेख नाही. मालक हळू बोलत होते, म्हणाले, मी तुमच्या हाताखाली शिकलो, वडिलांच्या वेळचे तुम्ही. खाली सहीची रेघ, शेजारी पेन, टोपण काढून ठेवलेलं. सही नसेल तर महिनाअखेरचा पगार आणि नमस्कार.
रेघ फार आखूड होती. पाच सेंटिमीटर असेल. दोन माणसं बघत होती.
मी म्हटलं, यातल्या ओळींमधलं अंतर सारखं नाही, असल्या कागदावर मी सही करत नाही. मालक म्हणाले, नवा काढतो. मी म्हटलं, आजार नाहीच तर सही कशाची. मालक म्हणाले, अंगठा चालेल. मी उठलो. ही तशीच बसून होती, मालकांनी तिला दोनदा हाक मारली तेव्हा उठली.
रस्त्यात तिने माझा उजवा हात धरला. लोकांसमोर ती असं कधी करत नाही. घर येईपर्यंत सोडला नाही.
सहीच्या बदल्यात बारा महिन्यांचा पगार, आणि वर उपचाराचा सगळा खर्च, असं देऊ करत होते. मी नाही म्हणालो. चार लाख ऐंशी हजार.