तुर्दुमाम्बेत तायाके हॉलबाहेर कसे पडले

बिश्केक, बुधवार

आदरणीय तुर्दुमाम्बेत तायाके,

तुमच्या थोरल्या भाच्याचा, बेकतुरचा, दोन्ही हात छातीवर ठेवून सलाम. तब्येत कशी आहे? जर्दाळूचा मोहर यंदा थंडीतून वाचला का? तांबडी घोडी व्याली असेल. शिंगरू तिच्यावर गेलंय की शेजाऱ्याच्या त्या आडदांड घोड्यावर? इथे आम्ही सगळे मजेत आहोत. म्हणजे अजिबात मजेत नाही, पण पत्राची सुरुवात अशीच करायची असते हे मला तुम्हीच शिकवलंत. खरं तर फोनवरच बोललो असतो. पण काल तीनदा लावला आणि तिन्ही वेळा माझा आवाज ओळखून तुम्ही तो ठेवून दिलात, तेव्हा म्हटलं कागद बरा. कागद निदान फाडावा तरी लागतो.

तुम्ही का रागावलात ते मला कळलंय. माझ्या बहिणीच्या, चोल्पोनच्या लग्नाची पत्रिका तुमच्या अख्ख्या बारस्कोन गावाला गेली, पाटाच्या पाण्यावरून तुमच्याशी वीस वर्षं भांडणाऱ्या शेजाऱ्यालासुद्धा गेली, आणि वधूच्या तायाकेला, सख्ख्या मामाला, नाही. कळल्यावर मलाही माझा राग आला. (तो का, ते पुढे येईल.) पण आधी हे कसं घडलं ते ऐका.

मी पोटासाठी काय करतो हे तुम्ही दर वर्षी विचारता आणि मी दर वर्षी "कॉम्प्युटरवर काम" म्हणून सुटतो. यंदा नीट सांगतो. इंटरनेटवरचं साधं पान बनवणं म्हणजे भिंतीवर कागद चिकटवणं. लोक वाचतात, नाक मुरडतात, जातात. पण मी बनवतो त्या पानांवर माणसाला बोट लावता येतं. वस्तू उचलता, सरकवता, रंगवता येतात आणि इथे केलेलं त्याच क्षणी तिकडे दिसतं. अकरा वर्षं मी परक्या लोकांसाठी हे करतोय आणि स्वतःला फार हुशार समजत आलोय. मग घरच्यांसाठी एक बनवलं.

कल्पना चांगली होती हो! स्क्रीनवर लग्नाचा हॉल, त्यात टेबलं, प्रत्येक पाहुण्याच्या नावाची एक चिठ्ठी. बोटानं चिठ्ठी ओढायची, खुर्चीवर सोडायची. सोडली की ती जराशी उसळून अलगद बसायची. त्या उसळीवर मी दोन दिवस घालवले होते. हॉलच्या बाहेर सोडली तर पाहुणा यादीतून गेला. घरातल्या कुणीही आपल्या फोनवरून बदल करावेत म्हणून लिंक सगळ्यांना पाठवली (इथे तुम्ही डोक्याला हात लावाल, मी तेव्हा लावला नाही), आणि छापखान्याला पत्रिकांची यादी तिथूनच गेली.

पहिल्याच दिवशी सोनुनबुबू एजेचा फोन आला. बाबांची ही थोरली बहीण तुम्हाला आठवत असेलच, तुम्ही तिला तोफ म्हणता. तिला कुणीतरी दाराजवळच्या टेबलावर ठेवलं होतं. "ढकललं ते ढकललं," ती ओरडली, "वर मला नाचवलं कशाला?" मी उसळी काढून टाकली. दोन दिवसांची मेहनत, दोन मिनिटांत.

तेवढ्यावर थांबलं असतं तर? मधोमध, मानाच्या टेबलावर, सगळ्यात मानाची एक खुर्ची रिकामी होती. सोनुनबुबू एजेनं स्वतःला तिथे नेऊन बसवलं. बुर्मा जेनेला, म्हणजे थोरल्या काकांच्या बायकोला, ते दिसलं. तिनं एजेला उचलून पुन्हा दारात ठेवलं आणि स्वतः बसली. ज्याचं बोट शेवटचं त्याचं खरं, असा नियम मी ठेवला होता. आमच्या धंद्यात हा सगळ्यात सोपा नियम. घरात त्यानं लढाया होतात. आठवडाभर त्या दोन चिठ्ठ्या झोपाळ्यासारख्या मागेपुढे चालल्या होत्या. एजे फोन चार्जरला लावूनच जेवायला बसायची. मी 'मागे घ्या' असं बटण दिलं, चुकलं तर सुधारावं म्हणून. दोघी एकमेकींचं मागे घ्यायला लागल्या. मग मी कुलूप दिलं, खुर्ची पक्की करायला. दोघींनी एकाच खुर्चीला कुलूप लावलं आणि माझ्या शहाण्या प्रोग्रॅमनं दोन्ही कुलपं मान्य केली! नावावर नाव चढून ते वाचायलाच येईना.

काल दोघी आमच्या स्वयंपाकघरात समोरासमोर आल्या. आई कणीक मळत होती, एक शब्द बोलत नव्हती. मी दोघींना सर्व्हर म्हणजे काय ते समजावत होतो. तेवढ्यात चोल्पोन पोशाख बघून घरी आली, माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे वाकली आणि म्हणाली, "पण ही खुर्ची रिकामी का होती?"

मग तिनंच पुढे विचारलं:

"तायाके कुठे बसणार आहेत?"

मी शोधायच्या चौकटीत तुमचं नाव घातलं. 'असा पाहुणा नाही', असं उत्तर आलं. खाली रडक्या तोंडाचं एक मेंढरू आलं. ते मेंढरू मीच काढलंय, तायाके. तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं.

चोल्पोन तिथेच जमिनीवर बसली आणि रडली. तुमची दुवा घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही म्हणाली, आणि ती कुणाची भाची आहे हे लक्षात घेता टाकणारही नाही. एजे आणि जेने आठवड्यात पहिल्यांदा एका सुरात बोलल्या: "अगं, ही तर तुर्दुमाम्बेतचीच जागा!" जणू त्या इतके दिवस ती तुमच्यासाठीच धरून बसल्या होत्या. आईला तर असा धक्का बसला की तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. ती कणीकच मळत राहिली.

कुणाच्या तरी जाड अंगठ्यानं तुमची चिठ्ठी हॉलबाहेर पडली असणार. कुणाच्या ते आता शोधून काय उपयोग? मी ते सगळं बंद केलंय. आता फ्रिजवर एक कागद आहे, त्यावर पेनानं पहिलं नाव तुमचं. लग्न शनिवारी आहे. चूक यंत्राची होती, माणसांची नव्हती, एवढं मनात धरा आणि लहानांना माफ करा.

तुमचा भाचा,
बेकतुर

ता. क. चूक यंत्राची नव्हती. कुणी कुणाला कधी हलवलं याची नोंद राहते. काल मी ती उघडली. महिन्यापूर्वी, लिंक कुणालाही पाठवायच्या आधी, हॉलबाहेर टाकलेली चिठ्ठी नीट नाहीशी होते का ते मी बघत होतो. त्यासाठी यादीतलं सगळ्यात लांबलचक नाव घेतलं. ते छान नाहीसं झालं. मी खूश होऊन चहा प्यायला गेलो आणि परत ठेवायचं विसरलो. हे आईला सांगू नका. पत्रही म्हणूनच तिनं तळलेल्या बोरसोकच्या पुडक्यात लपवून पाठवतोय.

ता. क. २. पुडकं आणणाऱ्या ड्रायव्हरचं नाव इश्केन. तुम्हाला घेतल्याशिवाय परत यायचं नाही असं त्याला बजावलंय. माणूस भला आहे, पण घोरतो आणि खातो खूप. लवकर निघालात तर तुमचंच भलं.

आके, बोरसोक बांधताना बेकतुरचं हे पत्र सापडलं. माझ्या पोराला काहीच लपवता येत नाही. तुमचं नाव नाही हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. तालासच्या मुलाकडच्यांनी चोल्पोनच्या कानात झुमके घालून लग्न पक्कं केलं तेव्हा मी तुम्हाला आधी विचारलं नव्हतं. वाटलं, तुम्हीच रागानं नाव काढायला लावलंत. मग मीही गप्प बसले. धक्का वगैरे काही नाही. आता विचारते. मुलगा कमी बोलतो, पण मनानं चांगला आहे. पोरगी देऊ का? उत्तर इथे येऊन द्या.

तुमची धाकटी बहीण