सुमनमावशींच्या भिंतीचं पोट

१२ एप्रिल २००९, रवि.
माणहून बाइकने ताम्हिणी. सुमनमावशींच्या धाब्यावर पिठलं-भाकरी. धाबा नि घर एकच. मावशींनी दिराला दाखवायला घराच्या मागच्या भिंतीचा फोटो मागितला. भिंतीला पोट आलंय, पावसाआधी पाडून बांधायची आहे. पण घर दोघांच्या नावावर, मावशी नि पनवेलचा दीर. तो म्हणतो, भिंतीला काही झालेलं नाही. मावशी तिला लागूनच झोपतात. जागा अडचणीची, कोपऱ्यात घुसून वाइड लेन्सने काढला. रॉ फाइलमध्ये, अर्थात.

१३ एप्रिल, सोम.
वाइड लेन्सने कडेच्या रेषा फुगतात, हे मला कुणी शिकवायला नको. डावीकडे भिंत पार केळ्यासारखी. कॉम्प्युटरवर रेषा सरळ करणारा डिस्टॉर्शनचा स्लायडर ओढला, भिंत सुतात आली. उजवीकडचा विजेचा खांब मात्र आत वाकला. क्रॉप करून तो कापून टाकला. दोन प्रिंट: एक कुरिअरने पनवेलला, एक मावशींना. आपलं काम म्हणजे काम.

२६ एप्रिल, रवि.
मावशींनी चहा विचारला नाही. दिराचा फोन आला होता म्हणे: भिंत तर दोरीत आहे, उगाच पाडापाडी नको. मग माझा प्रिंट टेबलावर ठेवून विचारलं, "हितला खांब कुटं गेला?"
मी लेन्सचं सांगायला लागलो.
"लेन्सचं ऱ्हाऊ दे. भिंतीचं पोट कुटं गेलं ते सांग."
घरी येऊन मूळ फाइल उघडली. आधी खांब सरळ केला, तर भिंत फुगलेलीच. थोडा दोष लेन्सचा, बाकी सगळा भिंतीचा. दोन आठवडे मी स्वतःवर खूश होतो. फार लाज वाटली.

३ मे, रवि.
भुकूमच्या एका साइटवरून गवंड्याचा ओळंबा मागून आणला. वळचणीला काठी बांधून सोडला. वारा होता, तो थांबेपर्यंत मावशी लंबक धरून उभ्या. दोरी नि भिंत यांत वर वीतभर अंतर, मध्ये जेमतेम चार बोटं. पुन्हा फोटो काढला; या वेळी स्लायडर फक्त दोरी सरळ होईपर्यंत. काही कापलं नाही. खांब, मावशी, कोंबडी, सगळं आहे. प्रिंटमागे लिहिलं: आधीचा फोटो चुकीचा, चूक माझी. कुरिअरने पनवेलला. आता प्रश्नच नाही.

१० मे, रवि.
प्रश्न आहे. दिराला धाब्यावरून फोन लावला. माणूस वाईट वाटला नाही. म्हणाला, "पयल्या फोटूत सरळ, दुसऱ्यात फुगल्याली. कंच्या फोटूवर इस्वास ठेवू?"
म्हटलं, स्वतः येऊन बघा. बघतो म्हणाला, रविवारी जमलं तर.
मावशींची खाट उचलून पुढे आणली, गिऱ्हाइकांच्या टेबलांपाशी. हे तरी आधीच सुचायला हवं होतं.

१७ मे, रवि.
ओळंबा तसाच टांगलेला. मधल्या फटीत बोटं घातली, तीनच मावली. मावशींनी घातली, त्यांचीही तीनच. कॅमेरा काढायला लागलो तर म्हणाल्या, "नगं. दोरी हाय तितंच ऱ्हाऊ दे. त्याला त्याची बोटं घालू दे."
दुपारची एस.टी. गेली, त्यात दीर नव्हता. आता साडेपाचची. बाकड्यावर बसून हे लिहितोय. मावशींनी चहाचा तिसरा कप भरून झाकून ठेवला आहे.