टाळ्या वाजताना नाही

प्रिय भुंग्या,

मुख्य नर्सला अशी हाक मारायची नसते, ठाऊक आहे. पण लहानपणी तू दिवसभर गुणगुणत असायचीस त्याला मी काय करू? तुझं पत्र वाचलं आणि हातातली पँट तशीच मशीनवर टाकून शेजारच्या न्हाव्याकडे धावलो. त्याच्या वस्तऱ्याखाली बसलेल्या गिऱ्हाइकालाही सगळं ऐकावं लागलं, बिचारा हलू शकत नव्हता. रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर पाळकांना सांगितलं, मग त्यांच्या बायकोला, मग पुन्हा पाळकांनाच. गर्व करू नये म्हणतात. पण लेकीच्या अभिमानाकडे प्रभू जरा कानाडोळा करत असावा.

खरं सांगू? मुलांचा अख्खा वॉर्ड तुझ्या हाताखाली आला हे कौतुकाचंच आहे, पण मला तुझा अभिमान वाटतो तो त्याच्याही आधीपासून. तो बाहेरून आलेला उपदेशक आठवतो ना? तू एकटीने गायलीस, टाळ्या थांबता थांबेनात, आणि त्याने तुझ्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं की या मुलीने माझ्या गायकांच्या गटाबरोबर परदेशी यावं, असं देवाने मला सांगितलंय. सगळे आमेन म्हणाले. मी तर सगळ्यांत मोठ्यांदा. तुझ्या प्रवासाच्या कोटाचं कापडही मी मनात निवडून टाकलं होतं. तू मात्र खाली बघत उभी. तो म्हणाला, आता उशीर करणं म्हणजे देवाची आज्ञा मोडणं. तेव्हा तू मान वर केलीस. आवाज कापत होता, तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेला.

"देवाला मला न्यायचं असेल तर तो मलाही सांगेल. अजून सांगितलेलं नाही. मी थांबते."

घरी येताना वाटेत कुणी आपल्याशी धड बोललं नाही. तुझी आत्या तेवढी बोलली, पोरीला शिंगं फुटली आहेत, आई नसली की असंच होतं. त्यावर तू रडलीस. पण बोललेलं मागे घेतलं नाहीस.

मग तुझं ते थांबणं. वरच्या मजल्यावरच्या आजींचे पाय गेले होते, त्यांना आंघोळ घालायला तू रोज जायचीस. मी अधूनमधून विचारायचो, काही कळलं का? तू नाही म्हणून मान हलवायचीस. गायकांचा गट निघून गेला. हिवाळाही गेला. हातातली संधी घालवली पोरीने, असं मी न्हाव्याला म्हणालोसुद्धा. आणि एका सकाळी तू ओल्या बाह्यांनीच खाली आलीस आणि म्हणालीस, मला नर्स व्हायला बोलावलंय. मी विचारलं, हा देवाचाच आवाज कशावरून? चहा ओतता ओतता तू म्हणालीस, "भीती वाटतेय, बाबा, पण आत गोंगाट नाही. आणि हे आजींचे पाय पुसताना आलं, टाळ्या वाजताना नाही."

त्यानंतर कितीतरी दिवस मी शिवता शिवता मध्येच थांबायचो आणि तेच वाक्य मनात घोळवायचो.

तो उपदेशक काही खोटा नव्हता, हेही लिहायला हवं. तुझ्याऐवजी गेलेली सुताराची मुलगी तिकडे रमलीय, मन लावून काम करते. बोलावणं खरं होतं, तुझं नव्हतं एवढंच. कोट नीट शिवलेला, पण दुसरीच्या मापाचा.

आता मुद्द्यावर येतो, इतका वेळ नुसत्या घिरट्या घातल्या. आपल्या दुकानात काजं-बटणं करणाऱ्या बाई तुला माहीत आहेत. आपल्याच चर्चच्या मंडळीतल्या, तुझी आई गेली त्यामागोमाग त्यांचा नवराही वारला. दुपारी आम्ही बरोबर जेवतो, जेवणाआधी बरोबर प्रार्थना करतो. आम्ही लग्न करावं असं माझ्या मनात आलंय. त्यांना अजून विचारलेलं नाही. तू एकदा सांगितलं होतंस की आधी आपल्याला काय हवंय ते देवापुढे स्पष्ट बोलून टाकावं आणि मग गप्प बसावं. मी दुकानात मोठ्यांदा बोलून टाकलं. दारात पोस्टमन माप द्यायला आलेला होता, तो आल्या पावली परत गेला. तेव्हापासून रोज गप्प बसतो. आत शांत वाटतं. पण या बाबतीत माझा स्वतःचाच आवाज भलता मोठा आहे, आणि तुझ्या आईच्या फोटोकडे बघितलं की तोही अडखळतो. विचारायला पाळक आहेत, तुझी आत्या तर न विचारताच सांगेल. पण हे असलं ऐकणं मी तुझ्याकडूनच शिकलो, म्हणून पहिलं तुलाच लिहितोय. माझं मन राखायला हो म्हणू नकोस. तुला हवा तेवढा वेळ घे, आणि जे ऐकू येईल ते कळव, ते नाही असलं तरी. तोवर मी त्या बाईंना एका शब्दाने विचारणार नाही.

तुझाच, या वयात धाकधूक घेऊन बसलेला,
बाबा